आईजवळ बसणारी

१

रोज दुपारी चारला भोंगा वाजायचा आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या घरातली माणसं आईला एकटीला टाकून खाली पळायची. पळायची म्हणजे चोरपावलांनी, चपला हातात घेऊन. आईला ऐकू जाता कामा नये ना, म्हणून.

हे सगळं बाबांच्या डोक्यातून निघालेलं. आईचं हृदय अशक्त झालं होतं. चार महिने ती मागच्या खोलीतल्या पलंगावर होती, पाठीशी तीन उशा लावून, कारण आडवं झालं की दम कोंडायचा. डॉक्टरांनी कानातली नळी काढली आणि सांगितलं, यांना धक्का बसेल असं काही कानावर पडू देऊ नका. एवढं बोलून बॅग उचलून ते चालते झाले. त्यांचं काय जात होतं? नेमकं त्याच महिन्यात दादाला लष्करात बोलावणं आलं, सीमेवर चकमकी सुरू झाल्या आणि शहरावर आज ना उद्या विमानं येणार, असं जो तो म्हणायला लागला.

मग बाबांनी ठरवून टाकलं की आईपुरतं युद्ध नाहीच. खिडक्यांच्या काचांवर काळा कागद चिकटवला तो आईच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून. रेडिओ दुरुस्तीला गेलेला. भोंगा पलीकडच्या कारखान्याचा, पाळी सुटल्याचा. आणि दादा? दादा बंदराच्या गावी एका गोदामात कारकून म्हणून चिकटलेला, काम बरं, फक्त जेवणाचे हाल.

बाबा कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. पहाटेपासून दुपारपर्यंत गणवेशाचं कापड कापायचे आणि घरात शिरण्याआधी जिन्यात उभं राहून अंगावरचे खाकी धागे एकेक वेचून खिशात घालायचे. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना वाटायचं, कापड बेतता येतं तसं घरही बेतता येतं. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, घर सांभाळायला आली होती, आणि साळसूद चेहऱ्याने थापा मारण्यात ती बाबांच्याही वरताण होती.

राहिली धाकटी. अकरा वर्षांची. सगळ्यात घाणेरडं काम तिच्या वाट्याला आलेलं. तिचं अक्षर दादासारखं, उजवीकडे कललेलं. म्हणून दादाची पत्रं ती लिहायची. बाबा सांगायचे, ती लिहायची, आणि मग तीच पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून आईला ती वाचून दाखवायची. आई डोळे मिटून ऐकायची, आणि धाकटीला असा संताप यायचा की वाटायचं, हा कागद फाडून चावून थुंकून द्यावा.

दादाची खरी पत्रं शिलाई मशीनच्या खणात होती. ती बाबा आणि आत्या स्वयंपाकघरात दार लोटून हळू आवाजात वाचायचे, आणि धाकटी दाराला कान लावून ऐकायची.

२

इमारतीच्या तळघरात पूर्वी कोळसा ठेवायचे. आता भिंतींना लागून बाकं टाकली होती, पण वास कोळशाचाच होता, ओला, घशाला चिकटून बसणारा. हवाई हल्ल्याच्या या रोजच्या सरावाची जबाबदारी तळमजल्यावरच्या एका निवृत्त खेळशिक्षकांकडे होती. पोरं त्यांना शिट्टीकाका म्हणायची, कारण तोंड उघडण्याआधी ते शिट्टी फुंकायचे. मजल्यावार डोकी मोजून ते भिंतीवर खडूने आकडा लिहायचे. चौथा मजला, तीन.

तीनच, कारण आईची नोंदच नव्हती. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याला खाली न्यायला दोन जवान स्ट्रेचर घेऊन येतील, असा नियम होता. बाबा म्हणाले, जवान दारात दिसले की हिला सगळं कळणार. म्हणून त्यांनी यादीत लिहून दिलं, पत्नी माहेरी. वा! म्हणजे बायकोला जपायचं म्हणून तिला इमारतीतूनच पुसून टाकलं. उद्या खरंच वरून काही पडलं असतं तर ढिगाऱ्यात तिला कुणी शोधलंही नसतं. धाकटीने हे बाबांना तोंडावर विचारलं. बाबा म्हणाले, पडणार नाही. आत्या म्हणाली, शुभ बोलावं.

वीस मिनिटांनी दुसरा भोंगा झाला की सगळे वर यायचे. एका सोमवारी धाकटी आल्या आल्या पाण्याचा पेला घेऊन आईकडे गेली. आईने मान हलवली. नको म्हणाली, आत्ता तर तूच पाजलंस. मग धाकटीचा हात हातात घेऊन चोळत म्हणाली, "आता गरम झाले बघ. भोंगा वाजतो तेव्हा तुझे हात किती गार असतात गं. स्वेटर घालून बसत जा माझ्याजवळ."

धाकटीने पेला खाली ठेवला. गोळ्यांनी माणूस बरळतं, हे तिला आत्याने सांगितलेलं होतं. डोळा लागला असेल, स्वप्न पडलं असेल. तांब्यातलं पाणी मात्र खरंच पेलाभर कमी होतं. आईने स्वतः उठून घेतलं असेल, असं तिने स्वतःला पटवलं, आणि आई उठूच शकत नाही हे माहीत असूनही ते पटवून घेतलं.

३

मंगळवारी आई म्हणाली, दादाला बूट लहान पडतायत ना, टाचा सोलल्यात बिचाऱ्याच्या.

धाकटीने असं काही लिहिलं नव्हतं. गोदामातल्या कारकुनाला कसले आलेत बूट? तिने आईला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. आई हसली. अगं, कालच तर वाचलंस.

गुरुवारी दादाचं खरं पत्र आलं. स्वयंपाकघराचं दार लोटलं गेलं, धाकटी दाराशी चिकटली, आणि बाबांनी हळू आवाजात वाचलं की बूट एक नंबर लहान दिले आहेत, टाचा सोलल्या आहेत, पण काळजी करू नये.

तिथेच दाराशी ती फतकल मारून बसली. डोकं चालवायला लागली. योगायोग असेल. नव्या बुटांनी सगळ्यांच्याच टाचा सोलतात. आईला आतून कळलं असेल, आयांना कळतं म्हणतात. पण आई "मला कळलं" म्हणाली नव्हती. "तू वाचलंस" म्हणाली होती, सोमवारी, पत्र पोस्टाच्या थैलीत असताना.

४

धाकटी भोळी नव्हती. शनिवारी सगळे चपला उचलत असताना ती मागे रेंगाळली. आईचा डोळा लागला होता. तिने खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. बसायच्या गादीवर शाळेची पुस्तकं रचली, वेडीवाकडी, अशी की धक्का लागला तर कोसळावीत. बाहेर येऊन दाराला कडी घातली. आणि मग तळघरात वीस मिनिटं नखं खात बसली.

परतताना ती दोन दोन पायऱ्या एकदम चढली. कडी होती तशीच होती. आत खुर्ची पलंगाला लागून, आईकडे तोंड करून ठेवलेली. पुस्तकं जमिनीवर होती, मोठ्यावर लहान अशी नीट रचून, कडेला कड जुळवून. धाकटीने जन्मात कधी अशी पुस्तकं रचली नव्हती. तिने वाकून गादीचा वास घेतला. ओल्या कोळशाचा वास होता.

"आज छान वाचलंस," आई म्हणाली. "एकदाही अडखळली नाहीस."

आता खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त राग आला. ही कोण टिकोजीराव माझ्या खुर्चीवर बसणारी? माझ्या आईला पाणी पाजणारी? मी खोटं वाचते, घशाखाली घास उतरत नाही माझ्या, आणि ही येऊन न अडखळता वाचून जाते?

तिने विचारलं, मी काय वाचलं. आईला सांगताना मध्येच थांबून दम घ्यावा लागला. त्यांना नदीपलीकडे नेणार आहेत, ती म्हणाली. पुलाचा एक भाग पडलाय, पण चालत जाता येतं. आईचे ओठ निळसर दिसत होते. सकाळी दिसत नव्हते.

५

पुढच्या आठवड्यात आई रोज थोडी थोडी खचत गेली. तीन उशांच्या चार झाल्या. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि बाहेरच्या खोलीत येऊन बाबांवर भडकले. पेशंटला कुणीतरी काहीतरी सांगतंय, असंच चालू राहिलं तर माझा इलाज नाही, म्हणाले.

बाबांनी आत्याकडे बघितलं. आत्याने धाकटीकडे बघितलं. बस, झाला निकाल. घरात फटकळ कोण, तर धाकटी. खोटं बोलायला नाक मुरडतं कोण, तर धाकटी.

"मी नाही सांगत," धाकटी म्हणाली. "आपण खाली गेलो की ती येते."

"कोण ती?"

"माझ्यासारखी आहे. आईला वाटतं, मीच."

बाबांनी तिच्या थोबाडीत मारली. आजवर त्यांनी तिच्यावर हात उचलला नव्हता. मारून झाल्यावर तेच रडवेले झाले, पण धाकटीला त्यांची कीव आली नाही, अजिबात आली नाही. मारलं याचा तिला राग नव्हता. एवढी पत्रं तिच्याकडून खोटी लिहून घेतली, आणि ती एकदा खरं बोलली तर ते खोटं ठरलं, याचा राग होता.

त्या दिवसापासून तळघरात बाबा तिचं मनगट धरून बसायला लागले. त्यांचा हात अवघडला की आत्या धरायची. ही वर जाऊन काही बोलेल म्हणून. रोज वीस मिनिटं धाकटी त्या कोळशाच्या वासात बसायची आणि तिला माहीत असायचं की आत्ता वर पत्र उलगडलं जातंय. शिट्टीकाका मोजायचे. चौथा मजला, तीन. शाब्बास.

बुधवारी सरावानंतर ती वर आली तेव्हा आईचा चेहरा मेणासारखा झाला होता. जवळ बोलावून आई म्हणाली, "उद्या शेवटचं पत्र वाचीन म्हणालीस. मग दादा लिहिणार नाही म्हणालीस. का गं लिहिणार नाही?"

धाकटीचे कान बधिर झाले. ती एवढंच म्हणाली की उद्या मी काहीही वाचणार नाही, आणि मी वाचायला लागले तर तू ऐकायचं नाहीस. आई बरं म्हणाली. पण तिने ते लहान मुलाला म्हणतात तसं म्हटलं.

६

गुरुवारी भोंगा चारला वाजला नाही. सकाळी अकराला वाजला.

आधी कुणाला कळेचना. घड्याळं बघितली गेली. मग खालच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्याने रडायला लागलं आणि अख्खी इमारत जिन्यात उतरली. चपला हातात घ्यायची कुणाला शुद्ध नव्हती. कापड आलं नव्हतं म्हणून बाबा त्या दिवशी घरीच होते. धाकटी आईच्या दाराकडे वळायच्या आत त्यांनी तिचं मनगट पकडलं.

आईला घ्या, ती म्हणाली. आज खरं आहे, बाबा, आज तरी आईला घ्या. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले की गादीसकट चार माणसं लागतील, तिला झेपणार नाही, जिन्यातच काहीतरी होईल. खरं असेलही ते. पण चार महिन्यांत त्यांनी माणसं जमवली नव्हती, स्ट्रेचर मागितलं नव्हतं. तिला यादीतून कापलं होतं आणि आता म्हणत होते, चार माणसं लागतील.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गर्दी तुंबली. धाकटीने मान खाली घातली आणि बाबांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. तोंडात रक्ताची चव आली. पकड सुटली. ती माणसांच्या कमरांमधून वाट काढत उलटी वर पळाली.

वरच्या वळणावर तिने मागे बघितलं. बाबा ओरडतील, मागे येतील असं तिला वाटलं होतं. बाबा आले नाहीत. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. ते पायऱ्या उतरत होते, एक हात अंगापासून थोडा लांब, खाली झुकलेला, लहान मुलाचं बोट धरून उतरतात तसा. त्या हाताच्या पलीकडे कोण आहे ते कठड्यामुळे दिसत नव्हतं.

७

खुर्ची रिकामी होती. धाकटी धाडकन तिच्यात बसली, उठली, दाराला आतून कडी घातली, आणि पुन्हा बसली. आई उशांना टेकून तिच्याकडे बघत होती. तिने हात पुढे केला, धाकटीची बोटं चाचपली आणि तिचा चेहरा बदलला.

"आज तुझे हात गरम आहेत," ती म्हणाली. "आणि तू धापा टाकते आहेस."

मग धाकटीने सगळं ओकून टाकलं. युद्ध आहे. हा भोंगा कारखान्याचा नाही. दादा सीमेवर आहे. पत्रं मी लिहायचे, बाबा सांगायचे. आणि रोज भोंगा वाजला की इथे बसते ती मी नाही, आई, ती मी नाही.

आई शांतपणे ऐकत होती. युद्धाचं मला कळलं होतं, ती म्हणाली. काळा कागद काय फक्त बायकोच्या डोळ्यांसाठी लावतात? आणि पत्रं खोटी आहेत हे पहिल्याच पत्राला कळलं होतं, कारण दादाने जन्मात कधी आत्याची तब्येत विचारली नव्हती. एवढं बोलून ती हसली, आणि हसल्यामुळे तिला दम लागला.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे एवढा आटापिटा करत होतात. म्हटलं, करू देत." तिने दाराकडे बघितलं. "आणि भोंगा वाजला की तू येऊन खरं वाचतेस, तेव्हा मला वाटायचं, माझी पोर तापट आहे, तिला राहवत नाही. मला बरं वाटायचं गं."

तेवढ्यात वरून घरघर आली. शहराच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी पडलं, मग आणखी एक, जवळ. काळ्या कागदामागच्या काचा थरथरल्या आणि छताचा पोपडा चादरीवर पडला. धाकटी आईच्या अंगावर पालथी झाली. कानाखाली आईचं हृदय अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत होतं. तिला वाटलं, आता थांबलं तर मी बाबांना जन्मभर माफ करणार नाही. घरघर हळूहळू लांब गेली.

"तिला ते पत्र वाचू देऊ नकोस," आई तिच्या केसांत म्हणाली. "बाकी सगळं ऐकलं मी. ते मला ऐकायचं नाही. ऐकलं तर मी राहणार नाही."

धाकटीने शब्द दिला.

८

दुसरा भोंगा झाला. जिन्यात पावलं, खोकले, देवाचं नाव. मग घराचं दार उघडल्याचा आवाज. आत्या आली, बोलत बोलतच. कशी शहाण्यासारखी बसलीस आज, ती कुणालातरी म्हणत होती, हूं नाही की चूं नाही, रोज अशी वागलीस तर किती बरं होईल.

धाकटीच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी डोक्यात तिडीक गेली. ती उठून दाराशी गेली. दाराला वरच्या बाजूला काच होती, तिलाही काळा कागद लावलेला, एक कोपरा सुटलेला. टाचा उंच करून तिने तिथून पाहिलं. बाबांचा खांदा दिसला. बाबांच्या हातात एक लहान हात दिसला, नखांत कोळसा भरलेला. नीट विंचरलेला भांग दिसला. तो भांग वर व्हायला लागला, चेहरा दिसणार तेवढ्यात धाकटीने नजर काढून घेतली.

"आत गेल्यावर आईला काही सांगायचं नाही हं," बाबा दाराबाहेर म्हणाले.

"नाही, बाबा," धाकटीच्या आवाजाने उत्तर दिलं. "फक्त दादाचं एक पत्र वाचायचं राहिलंय."

"बरं. वाच." बाबांचा आवाज थकलेला होता. "तेवढाच तिला विरंगुळा."

त्यांनी दार ढकललं. कडी खडखडली. त्यांनी पुन्हा ढकललं आणि आत कोण आहे, असं विचारलं, आणि मग ढकलणं एकदम थांबलं. त्या शांततेत पाकीट फाडल्याचा आवाज आला. कागद उलगडला. बाहेरच्या आवाजाने एक शब्दही न अडखळता, स्वच्छ, वाचायला सुरुवात केली. कळविण्यास अत्यंत दुःख होते की.

धाकटी पलंगावर चढली. आईचे दोन्ही कान तिने तळहातांनी घट्ट दाबले आणि तोंड तिच्या तोंडाजवळ नेऊन, जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. प्रिय आई, मी इथे मजेत आहे. गोदामाचे मालक चांगले आहेत. रविवारी मला रजा आहे, मी घरी येतोय, माझ्यासाठी अंथरूण घालून ठेव. तिच्या घशाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि ती एकामागून एक थापा मारत होती, बाबांना सुचल्या नसत्या अशा. आईने आपले हात उचलून तिच्या हातांवर ठेवले आणि आणखी जोराने दाबले.

बाहेरची थांबली नाही. धाकटीही थांबली नाही.